बयाक्काने भरलेली ओटी

सातारा, ६ मे

बयाक्का,

फोन लावला की तुझं ते भजन वाजत राहतं आणि तू काही उचलत नाहीस. भजन आता मला पाठ झालंय. रेश्मा म्हणते, तू रोज कामावर येतेस, हळकुंडं निवडतेस, डबा खातेस आणि कुणाशी बोलत नाहीस. म्हणजे फोन बिघडलेला नाही, तूच बिघडली आहेस. म्हणून हा कागद. मोठ्या अक्षरात आणि ओळी सोडून लिहिते आहे, तेव्हा चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

मी आईकडे आहे. बरी आहे. आईने बाळंतपणासाठी डिंक आधीच आणून ठेवला होता. तो फुकट जाऊ नये म्हणून तिने लाडू केले. मी रोज एक खाते आणि ती त्या वेळी खिडकीबाहेर बघते. बाकी सगळं ठीक आहे.

सांगलीला कामगार अधिकाऱ्यांकडे मी अर्ज दिला, हे रेश्माने तुला सांगितलं असेलच. मला दिवस गेल्याचं कळल्यावर कंपनीने मला बसायच्या कामावरून उठवून बॉक्सच्या थप्पीला लावलं, आणि मार्चअखेर सगळ्या बायकांची मुदत वाढवली, माझी तेवढी नाही, असं मी लिहिलं. त्यावर कंपनीचं उत्तर आलंय. ते म्हणतात, ही बाई गरोदर आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. काम कमी झालं, मुदत संपली, थांबवलं.

डिसेंबर आठवतो का तुला? नवे कायदे आले, आता प्रत्येकाला नेमणुकीचा कागद द्यावा लागतो, असं म्हणत मॅनेजर मुकुल साहेबांनी सगळ्यांना पत्रं वाटली होती. तू पदराला हात पुसपुसून ते घेतलंस, तरी पिवळी बोटं उमटलीच. "इतक्या वर्सांत पयल्यांदा माजं नाव कंपनीनं लिवलं गं अंजे," म्हणालीस आणि दिवसभर ते पत्र ब्लाउजमध्ये ठेवून फिरलीस. त्याच पत्रात मुदत लिहिली होती. आपण नावच वाचत बसलो.

अधिकारी चांगला माणूस आहे. म्हणाला, बाई मुदतीवरची असली तरी पोटुशी म्हणून तिला काढता येत नाही. पण कंपनीला ते माहीत होतं, हे कुणीतरी सांगायला हवं. ते तूच सांगू शकतेस अक्का. पेढा तू दिलास, मुकुल साहेबांच्या हातावर, तुझ्या तोंडाने सांगून. बाकीच्या बायका लांब होत्या.

तारीख जुलैच्या सुरुवातीला आहे. येशील ना? मला माझं काम परत हवंय. घरी बसले तर मी वेडी होईन.

तुझी अंजी


सातारा, २८ मे

अक्का,

रेश्मा पाचगणीला बहिणीकडे गेली होती, येताना माझ्याकडे उतरली. चहा घेताना तिच्या तोंडून गेलं आणि मग तिने जीभ चावली. पण मी सोडलं नाही. सगळं काढून घेतलं.

मला वाटत होतं, तू मिरजेला दवाखान्यात आलीच नाहीस. मी कॉटवर पडून दाराकडे बघत होते. सगळे येऊन गेले, न येणारेसुद्धा येऊन गेले, आणि माझी अक्का तेवढी आली नाही, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून रडले. आणि तू तर दारापर्यंत आली होतीस. हातात डबा घेऊन. सासूबाईंनी तुला तिथेच अडवलं आणि म्हणाल्या, "रांडमुंडीच्या हातनं ओटी भरून घेतली, आन् मग काय हुनार? जा तू. पुन्यांदा माज्या सुनंच्या अंगावर सावली पडू दिऊ नगंस." तू डबा बाकावर ठेवलास आणि गेलीस. त्या डब्यातला मऊभात मी खाल्ला, अक्का. मला वाटलं सासूबाईंनी आणलाय.

मी त्यांची बाजू घेत नाही. पण त्यांनी बाळासाठी कुंची शिवली होती, हिरवी, सोनेरी गोट लावलेली. ती त्यांनी कुठे ठेवली हे मी अजून विचारलेलं नाही. त्यांना कुणावर तरी बोट ठेवायचं होतं. मुकुल साहेब तिथे नव्हते, तू होतीस.

त्यांचं एक वेळ सोड. पण तू ते खरं का मानलंस? तुझ्या डोक्यात तो दिवस फिरून फिरून भलताच झाला असेल, म्हणून जसा झाला तसा लिहिते. वाच.

संक्रांत होऊन गेली होती. मला तिसरा लागला होता आणि हे तुला सासूबाईंच्याही आधी कळलं होतं, कारण हळदीच्या वासाने मी मोरीत ओकत होते आणि पाठ तू चोळत होतीस. चोरओटी तूच भरायची, हे मी म्हणाले. तू नाही. तू म्हणालीस, "खुळी का काय तू? सवाष्णी मेल्या का समद्या?" मी म्हणाले, "सकाळपासून संध्याकाळपर्यंत हळदीत बुडालेले असतात तुझे हात, आणखी चिमूटभर हळदीने काय होणार आहे?" तू रागावून निघून गेलीस. आणि दुसऱ्या दिवशी हिरवा खण घेऊन आलीस!

जेवणाच्या सुट्टीत, पोत्यांच्या मागे, डब्याच्या झाकणात तू गहू घेतलेस. नारळ रेश्माने आणला होता. हळकुंड तू ढिगातलं सगळ्यात चांगलं निवडून घेतलंस आणि म्हणालीस, चोरओटीला चोरीचंच बरं. (हे ऑफिसात सांगू नकोस.) पाच वेळा ओंजळ भरताना दर वेळी थोडे गहू खाली सांडले आणि तू ते वाकून वाकून वेचलेस. माझ्या कपाळाला कुंकू लावताना तू डोळे मिटून घेतले होतेस. इतक्या वर्षांत कुणाला लावलं नसशील. त्या दिवशी तू जशी दिसलीस तशी मी तुला कधीच पाहिली नव्हती. मला वाटलं, माझ्या बाळाने जन्माला यायच्या आधीच एक चांगलं काम केलं.

चोरओटीचं बाहेर सांगायचं नसतं. पण तुला आनंद आवरला नाही. माझ्या आईने पाठवलेले कंदी पेढे घेऊन तू सरळ मुकुल साहेबांकडे गेलीस. "सायेब, घ्या. आमच्या अंजीला दिवस गेल्यात. आता तिला बसायचंच काम द्या बगा." त्यांनी दोन पेढे खाल्ले. "साताऱ्याचे का? वा," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मला थप्पीला लावलं. बाळंतपणाची रजा द्यायला लागू नये म्हणून मीच कंटाळून जावं, असा हिशेब. मी गेले नाही. मार्चअखेर त्यांनीच घालवलं. आणि एप्रिलात ते झालं.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, बॉक्स उचलल्याने झालं का? त्या म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. इतकं शिकलेल्या बाईला नक्की सांगता येत नाही, आणि तुला मात्र नक्की माहीत आहे की ते तुझ्या हाताने झालं?

मुलगी होती, अक्का. तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. तीन दिवसांनी मला दूध आलं. त्या वेळी मला आई नको होती, सासू नको होती, तू हवी होतीस.

अंजी


सातारा, १७ जून

अक्का,

दोन्ही कागदांना उत्तर नाही. कागदाला तरी भजन वाजवता येत नाही, एवढं बरं.

मी रविवारी बुधगावला सासरी जाते आहे. शिवतेजचा तिकडून, सीमेवरून, फोन आला होता. तो म्हणाला, तारखेला एकटी जाऊ नकोस, माझ्या आईला बरोबर घेऊन जा. सासूबाई लगेच हो म्हणाल्या. केस माझी आहे, तशी त्यांच्या नातीचीही आहे, असं म्हणाल्या. म्हणजे त्या तिथे असणार. तुला अवघड जाईल, हे मला कळतं. त्यांना नको म्हणायचा धीर मला झाला नाही.

तुझी नोकरी जाईल अशी भीती असेल तर मी अधिकाऱ्यांना विचारलं आहे. साक्ष दिली म्हणून तुला काढलं तर तीही तक्रार होते. पण तू नोकरीला भीत नाहीस. तो मुकादम मयूरीचा हात धरायला गेला, तेव्हा तू त्याच्या अंगावर हळदीचं घमेलं उपडं केलं होतंस. तू एकाच गोष्टीला भितेस आणि ती कुठल्याच कायद्यात नाही.

तू भरलेल्या ओटीतल्या खणाचा मी ब्लाउज शिवून घेतलाय. तोच घालून येणार आहे. तू ये. मला दुसरं काही नको. उत्तर नको. ये फक्त.

अंजी


बुधगाव, ४ जुलै

अक्का,

तू आलीस. भिजून आलीस, कोपऱ्यात बसलीस, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि मग ब्लाउजकडे. त्यानंतर मान वर केली नाहीस.

तू अर्ध्यातून निघून गेलीस, म्हणून पुढचं सांगायला हवं. पण आधी तू असतानाचं. ते माझ्या मनातून जात नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा तू स्पष्ट सांगितलंस. "व्हय. पेडा म्या दिला. दिवस गेल्यात म्हनून सांगूनच दिला." मुकुल साहेब टेबलावरच्या पेल्याकडे बघत होते. मला वाटलं, झालं! जिंकलो. मग कंपनीच्या वकिलाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पेढा कशाचा होता, बाई?"

"ओटीचा."

"कुणी भरली ओटी?"

तू माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे बघितलंस. सासूबाई तुझ्याकडे बघत होत्या. तू पदर डोक्यावरून पुढे ओढलास. "बायकांनी भरली आसंल. मी तितं न्हवते. मी रांडाव बाई, मी कशी भरीन, सायेब?"

अक्का, मुलगी गेली तेव्हा मला जे झालं, त्याच्या जवळपासचं काहीतरी मला तेव्हा झालं.

वकिलाला तेवढंच हवं होतं. तो म्हणाला, साक्षीदार ओटीला नव्हतीच, तर तिला बातमी कशी कळली? ऐकीव सांगते आहे. मी गप्प बसले असते तर कदाचित निभावलं असतं. पेढ्याचं तू ठाम सांगितलं होतंस. अधिकारी मला डोळ्यांनी बसा बसा म्हणत होता. पण मी उठले. "तिनेच भरली. मी मागून घेतली तिच्याकडून. हा बघा खण," असं सगळ्या ऑफिसात ओरडले. तू उठलीस आणि "मी न्हाई भरली" असं म्हणत दाराबाहेर गेलीस. वकील हसला. "आता अर्जदार म्हणते साक्षीदार खोटं बोलली. मग साहेब, पेढ्याचंही खरं कशावरून?"

तिथे केस बसली. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर सासूबाई रिक्षात म्हणाल्या, "गप बसली आसतीस तर काम मिळालं आसतं." मी म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी दारात गप्प बसला असता तर?" घरात शिरताना त्यांनी माझा हात धरला आणि लगेच सोडला.

काम गेलं तर जाऊ दे. पण माझ्या लेकीला आयुष्यात जे काही मिळालं ते एवढंच, तुझी पाच ओंजळींची ओटी. तेही झालं नव्हतं असं मी कसं म्हणू देईन? तुलासुद्धा नाही म्हणू देणार.

तुझी छत्री ऑफिसात राहिली होती. माझ्याकडे आहे.

अंजी


बुधगाव, २२ ऑगस्ट

अक्का,

हा कागद जतला तुझ्या भावाच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता रेश्माने दिला, पण देताना, माझं नाव अक्काला सांगू नकोस, म्हणाली. म्हणजे तू तिला बजावून गेलीस.

काल निकाल लागला. खरं म्हणजे तडजोड झाली. कंपनीने मला परत घ्यायचं, मधल्या महिन्यांचा पगार द्यायचा, आणि यापुढे गरोदर बाईला उचलायचं काम लावायचं नाही, हे लिहून लावायचं. मुकुल साहेबांनी सही केली. मला त्यांचा राग यायला हवा होता. त्यांच्या बोटांनासुद्धा हळद लागलेली होती, एवढंच मला दिसलं.

सही झाल्यावर मी अधिकाऱ्यांना विचारलं, केस तर बसली होती, मग हे कसं झालं? तेव्हा ते म्हणाले, "त्या बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या होत्या. एकट्या. ऑफिस उघडायच्या आधीपासून पायरीवर बसल्या होत्या." मग त्यांनी तुझा जबाब काढून मला वाचून दाखवला. "काल तिच्या सासूपुढं माज्या तोंडातनं निघालं न्हाई. ओटी मीच भरली. माज्या हातानं भरली. पोरीनं मागितली म्हनून भरली. पेडाबी मीच दिला. आजून काय लिवायचं आसंल तर लिवा, मी सही करते."

मी तो दोनदा वाचायला लावला.

कायद्यापुढे बोललीस, अक्का. परक्या माणसापुढे, सहीनिशी. आणि माझ्यापुढे नाही? मी बुधगावातच होते, एसटीने अर्ध्या तासावर. तू त्याच दुपारी कामावर गेलीस, नोकरी सोडते म्हणालीस आणि संध्याकाळच्या एसटीने जतला गेलीस. कंपनीने तुला काढलं नाही. काढलं असतं तर मी भांडले असते, आता मला भांडायचं कसं ते येतं. पण तू म्हणे रेश्माला म्हणालीस, "लेकीबाळी कामाला हायत तितं. माजा हात त्यास्नी लागायला नगं."

मी अधिकाऱ्यांना विचारलं, एखादी बाई कुणी न हाकलता निघून गेली, बाकीच्या बायकांच्या नजरेला भिऊन गेली, तर तिच्यासाठी काही कलम आहे का? ते बराच वेळ फाइलची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "नाही, ताई."

सोमवारपासून मी कामावर जाणार.

अंजी


कुपवाड, १८ सप्टेंबर

अक्का,

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. आजूबाजूला हळद उडते आहे, कागद पिवळा झाला तर माझा दोष नाही.

कामावर सगळ्यांनी मला हार घातला. मला! भिंतीवर तो कागद लावलाय, गरोदर बाईला जड काम नाही म्हणून. मयूरीला दिवस गेलेत. तिने मुकुल साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, न घाबरता, आणि त्याच दिवशी तिला तुझ्या जागेवर बसवलं, खिडकीपाशी, निवडायच्या कामाला. म्हणजे एवढं तर झालं. तुझ्यामुळे झालं. ती तुझ्या स्टुलावर बसते तेव्हा मला बरं वाटतं आणि बघवतही नाही.

आज तिची चोरओटी होती. त्याच पोत्यांच्या मागे. मी सकाळी मंडईतून चोळखण घेतला होता, आणि हळकुंड तुझ्यासारखं ढिगातलं निवडून ठेवलं होतं. सुट्टी झाली. सगळ्या उठल्या, मीही उठले. तेव्हा रेश्मा माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी प्रेमाने, आणि म्हणाली, "अंजे, तू जरा तेवढं बॉक्स मोजून येतीस का?"

बॉक्स सकाळीच मोजून झाले होते. तिलाही माहीत होतं.

मयूरी माझ्याकडे बघत नव्हती. पोटावर हात ठेवून खाली बघत होती. मी तिच्या जागी असते तर मीही तसंच बघितलं असतं, कोण जाणे. पोर गेलेली बाई मी. मला नवरा आहे, कुंकू आहे, कोर्टकचेरी केलेली आहे, भिंतीवरचा तो कागद माझ्या भांडणामुळे लागलाय. पण पहिल्या ओटीला माझा हात नको. कुणी वाईट बोललं नाही, अक्का. एक शब्द नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खण कमरेला खोचला आणि बाहेर पाण्याच्या टाकीवर गेले. डबा घासला.

दर संक्रांतीला आत हळदीकुंकू चालायचं आणि तू टाकीवर डबा घासत बसायचीस. मी तुला चिडवायचे, अक्काला डब्यात तोंड बघायचं असतं म्हणून. तूही हसायचीस. मला खरंच वाटायचं की तुला डबा लख्ख लागतो.

माझा डबा स्वच्छ झाला होता. मी तो परत घासला. आत बायका हसत होत्या, कुणीतरी मयूरीला नाव घ्यायला सांगत होतं. आणि मी हात धुतले तर हळद निघेना.

आता मला कळलं म्हणून तू यावंस, असं मी म्हणत नाही. तुझी छत्री इथे खुंटीला आहे. खण माझ्या कमरेला तसाच आहे, कुणाला दिलेला नाही. टाकीच्या कट्ट्यावर मी एका बाजूला सरकून बसले आहे.

ये गं अक्का. एकटीने डबा घासवत नाही.

अंजी